गिअरबॉक्सवरचा आळ

मी एका जुन्या मोटरबोटीचा गिअरबॉक्स बोलतोय. दचकू नका. एरवी मी बोललो की लोक त्याला खडखडाट म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी माझ्यावर काय काय गुदरलं ते आज सांगून टाकणार आहे.

आधी माझं काम सांगतो, कारण ते मला सांगायला आवडतं. इंजिनाला फक्त गरगर फिरता येतं. पुढे जायचं की मागे, ते मी ठरवतो. त्याची उतावळी गरगर मी माझ्या दातांतून गाळून निम्म्यावर आणतो आणि शाफ्टच्या हाती देतो. शाफ्ट पाण्याखालचा पंखा फिरवतो, तेव्हा कुठे बोट हलते. कौतुक मात्र सुकाणूचं होतं. मला बघायचं तर तळाच्या फळ्या उचलाव्या लागतात ना!

मी ओतीव लोखंडाचा. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी माझा एकेक दात बोटानं चाचपला होता आणि शेजारच्याला म्हणाल्या होत्या, "हा आपल्याला पुरून उरेल." ती शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

पहिला मालक हौशी होता. पाहुणे आले की बोट काढायचा, पाहुणे गेले की ताडपत्री टाकायचा. त्या ताडपत्रीखाली माझा जीव गुदमरला. मग खाडीकाठच्या एका जोडप्यानं, काका-काकूंनी, बोट घेतली आणि आमचे दिवस पालटले. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, हा त्यांचा धंदा. काका सुकाणूवर, काकू दोरावर आणि उतारूंवर. नर्सबाई, मास्तर, भाजीच्या टोपल्या, एकदा तर आरशाचं अख्खं कपाट आम्ही पलीकडे पोचवलं. आरशाला तडा नाही गेला. त्यात माझाही वाटा होता, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

घोळ सुरू झाला तो इंजिनाच्या पायांपासून. इंजिन आणि मी एकमेकांना जोडलेले, आणि दोघं मिळून रबरी पायांवर बसतो. ते रबर दबून चपटं झालं होतं. काकांनी बोट एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे ती क्रेननं उचलून ठोकळ्यांवर ठेवली, नवे पाय बसवले, मी आणि शाफ्ट एका रेषेत आहोत का ते मोजलं. अगदी सरळ. फोरमननं हात पुसले आणि बोट पाण्यात सोडली.

वेग घेताच बोटीला हुडहुडी भरली. फळ्या थरथरल्या, चहाचे पेले सरकत जाऊन काठावर आले, आणि माझ्या पोटातून खडखड ऐकू येऊ लागली. माझ्या पोटातून, माझ्यामुळे नव्हे! पण एवढं कोण बघतो?

"पाय नवे, जोडणी सरळ. म्हणजे गिअरबॉक्स गेला," फोरमन म्हणाला. त्यानं मला उघडलं. दात शाबूत, बेअरिंग शाबूत. दोष सापडला नाही तरी आळ काही मागे घेतला नाही. तेल बदललं, मला बंद केलं आणि काकांना सांगितलं, "आतून कुठेतरी झिजला असेल." मला इतका संताप आला की काय सांगू!

तिथून काकांनी बोट एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायची त्याची सवय, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. त्यानंही बोट अंगणात ठोकळ्यांवर चढवली. पंखा काढून पाहिला, रेषा मोजली. सरळ. मग स्क्रूड्रायव्हर कानावरून काढून तो म्हणाला, "याचं वय झालंय काका. याच्या जोडीचा दुसरा मिळायचा नाही. नवा बसवायचा तर इंजिन बदला, खालचा सांगाडा कापा. त्यापेक्षा बोट मोडीत काढलेली बरी."

बोट गेली म्हणजे काका-काकूंची रोजीरोटी गेली, आणि पलीकडे जाणाऱ्यांच्या नशिबी लांबचा रस्ता आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फरक एवढाच की संन्याशाबरोबर सगळं घर फासावर चढत होतं. भंगारवाल्याला सांगावा गेला.

बोट अजून डॉक्टरच्या अंगणात ठोकळ्यांवरच होती, सामान काढायला काकू तिच्यात चढल्या. उतारूंच्या लाइफ जाकिटांच्या कपाटाचं दार काही उघडेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, मग कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, हे दार पाण्यात कधी अडत नाही. एका बोटानं उघडतं. त्या वर्कशॉपातही असंच अडलं होतं."

"लाकडाची बोट ती. ठोकळ्यांवर बसली की जरा वाकते," काका खालून म्हणाले.

"मग डॉक्टर, तुम्ही रेषा मोजलीत कुठे?"

"इथेच की."

"आणि बोट चालते कुठे?"

डॉक्टर हसायला लागला, मग हसता हसता थांबला. "पाण्यात पुन्हा मोजायचं असतं, काकू. मला ठाऊक आहे. पण वर ठोकळ्यांवर सरळ भरलं की आम्ही तेवढ्यावर भागवतो. खाली वाकून बसायचा कंटाळा."

बोट पाण्यात उतरवली आणि एक रात्र स्वस्थ बसू दिली. सकाळी डॉक्टर तळाशी वाकून बसला, काकूंनी दिवा धरला. माझ्या आणि शाफ्टच्या जोडात त्यानं फट मोजायची पातळ पत्ती घातली. खालून ती सरळ आत गेली, वरून शिरेना. वाकडी होती ती आमची जोडणी, मी नव्हतो! त्यानं पायांचे नट थोडेथोडे फिरवले, मोजलं, पुन्हा फिरवले. मग काकांनी इंजिन सुरू करून पूर्ण वेग दिला.

काका गोंधळून म्हणाले, "अगं, बंद पडलं की काय?"

बंद कशाला पडेल? चालू होतं, फक्त खडखड गेली होती. डॉक्टरनं माझ्यावर हात ठेवला. "उगाच आळ घेतला रे तुझ्यावर." मला गहिवरून आलं. लोखंडालाही येतं.

मी अजून चालतो. थोडं तेल गळतं, ते वयाचं आहे आणि ते मला कबूल आहे. तुमच्याकडे एकच मागणं: आवाज जिथून येतो तिथेच दोष असतो असं धरून चालू नका. ज्याला दोष द्यायचा, तो जिथे राबतो तिथे जाऊन त्याला बघा.

आणि हो, भंगारवाल्याचं राहिलंच. त्याला नको म्हणून कळवायचं सगळेच विसरले. तो कापायची हत्यारं घेऊन धक्क्यावर हजर. काकू म्हणाल्या, "आलाच आहात तर बसा, पलीकडे फिरवून आणते." तो हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला. पलीकडचा धक्का जवळ आल्यावर वेग कमी करायला काकांनी मला मागच्या गिअरात टाकलं, आणि माझे तुकडे करायला आलेल्या त्या माणसाला मी जराही हिसका न देता काठाला लावलं.