दातांची फ्रेम

आमचे भाऊजी कवळ्या करतात. हात असा, की त्यांची कवळी लावून एका म्हाताऱ्याने रागाच्या भरात दाराची कडी चावून तोडली. ती कडी मी स्वतः पाहिलीय. पण याच माणसाने पोटच्या पोरीला विचारलं होतं, "गेममधल्या खोट्या माणसांना खोट्या फ्रेमा काढतेस? याला काम म्हणतात?"

खोटे दात करणारा हे म्हणतोय, म्हणून मी हसलो. तिला वाटलं, मामा मला हसला. दोन वर्षं झाली, ती आम्हा दोघांचेही फोन घेत नाही. पत्रं न फोडता परत येतात. माझी बहीण आज जिवंत असती तर तिने सगळ्यांचे कान धरून मिटवलं असतं.

मग भाऊजींना कळलं, की तिची फ्रेम जो खेळातल्या आपल्या प्रोफाइलच्या फोटोभोवती लावतो त्याचं नाव तिच्या पानावर उमटतं, आणि ती प्रत्येकाला दोन ओळी लिहिते. तिची नवी फ्रेम बघून त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. कडेने दातांची माळ!

"ही माझ्या हातची दाढ आहे रे! विसरली नाहीये पोरगी."

फ्रेमला पाच हजार पॉइंट लागत होते, तेही खेळूनच मिळवायचे. बुधवारी संध्याकाळी सहाला ती फ्रेम कायमची जाणार होती. हातात चार दिवस. खेळात झाडं तोडायची होती. भाऊजींनी इतकी तोडली, की जंगल विरळ होऊन पलीकडच्या खेळातली घरं दिसायला लागली. बोटांचे ठसे झिजले, फोन मालकाला ओळखेना. मग दुकानातल्या बाकावरची बोळकी गिऱ्हाइकं पाळीपाळीने खेळायला बसली.

"माझी कवळी कधी?"

"आधी दोनशे झाडं, आजी."

बुधवारी सहाला बारा मिनिटं असताना पाच हजार भरले. मी 'लावून पाहा' दाबलं. भाऊजींच्या फोटोभोवती दात चपखल बसले.

"आता 'घ्या' दाबतो," मी म्हटलं.

"थांब. नीट बघितल्याशिवाय मी कधी कुणाला कवळी दिलीय?" त्यांनी भिंग काढलं आणि दहा मिनिटं एकेक दात तपासला. "हा सुळा केसभर आत गेलाय. तिला सांगायला हवं."

"भाऊजी, वेळ बघा!"

"लागलीय की फ्रेम! दिसतेय ना?"

"ती नुसती दाखवायला आहे हो!"

मी फोन ओढला, त्यांनी ओढला. भिंग फरशीवर पडलं. त्यांनी 'घ्या' दाबलं. ठसा नसलेलं बोट फोनला कळेना. मी दाबलं, तेव्हा खाली अक्षरं आली: मुदत संपली.

पण फोटोभोवती दात तसेच होते. पान मिटेपर्यंत ते तसेच राहणार होते, आणि आम्हा दोघांशिवाय ते कुणालाच दिसणार नव्हते.

"पडदा विझू देऊ नकोस," भाऊजी म्हणाले. "तुझ्या बोटाला ठसा आहे. हात लावत राहा."

मी हात लावत राहिलो.