शेवंतीबाईंची गाळलेली बोटं

यंत्राने कधी तुमचं बोट नाकारलंय का हो? हजेरीला, रेशनच्या दुकानात? मग मागच्या रांगेची नजर कशी फिरते, हेही तुम्हाला ठाऊक असेल.

कोलशेतच्या एका कचेरीत ट्रक-टँकरवाल्यांची ओळख बोटांच्या ठशांवर पटवायचे नियम ठरत होते. एकाच्या लायसनवर दुसराच गाडी हाणतो, ते थांबावं म्हणून. हेतू चांगलाच! चाचणीला मोहन्याचे बाबुराव आले. अठ्ठावीस वर्षं केमिकलचा टँकर चालवणारे. पाच वेळा अंगठा दाबला, पाचही वेळा लाल दिवा.

"दुसऱ्याचं लायसन दिसतंय," कचेरीचे गुरुदत्त साहेब म्हणाले. "सान्वी, बोगस म्हणून शेरा मार."

"अहो साहेब, फोटो माझा, नाव माझं, अंगठा पण माझाच! आता काय कापून देऊ?" बाबुराव कळवळले. शेरा पडला की मालक उद्याच टँकरवर दुसरा ड्रायव्हर बसवणार होता.

नियमांचा मसुदा सान्वीनेच केलेला. इंजिनिअर पोरगी, पण चौकस. तिने बाबुरावांचा अंगठा उजेडात धरून बघितला. रेघाच नाहीत! "काका, हे कशाने झालं?"

"व्हॉल्व्ह उघडायचे, दोर आवळायचे. वर केमिकल लागतं ते वेगळंच."

"पण आधी कचेरीतच चाचणी घेतली, त्यात तर सगळ्यांची बोटं जुळलेली!"

लादी पुसणाऱ्या शेवंतीबाई थांबल्या. "सगळ्यांची कशी, ताई? मी पण दिलेली की. माझं एकदाही लागलं नव्हतं. त्याचं काय केलंत?"

सान्वीचा चेहरा उतरला. 'खराब नमुना' म्हणून ती नोंद तिनेच चाचणीच्या तक्त्यातून गाळली होती!

"माझी बोटं फिनेलात झिजली, यांची व्हॉल्व्हवर," शेवंतीबाई म्हणाल्या. "राबणारे हात आधी गाळायचे आणि मग त्यांनाच चोर म्हणायचं? खुर्चीतल्यांची बोटं बघून ड्रायव्हरचे नियम कसले करता?"

लायसनच्या नोंदणीत बाबुरावांची दहाही बोटं होती, पण नियम फक्त अंगठाच विचारत होता. सान्वीने एकेक बोट ठेवून बघितलं. डाव्या करंगळीला हिरवा दिवा!

"सर, काका बोगस नाहीत. माझा तक्ता बोगस आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

गुरुदत्त ओशाळले. "माफ करा, बाबुराव," म्हणत त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. मसुदा बदलला: दहाही बोटं आणि चेहरा तपासल्याशिवाय कुणावर शेरा नाही. नवी चाचणी ड्रायव्हरांच्याच हातांवर.

मंडळी, नियम ज्यांना लागणार, त्यांना आधी त्यात धरा. यंत्राला शरम नसते. ती आपल्यालाच वाटायला हवी!