उमेराच्या अब्बाचे ब्रेक

उमेराचं लग्न जमवाले आमाले एवढा वेळ लागला नव्हता, जेवढा तिच्या अब्बाले सायकलचे ब्रेक निवडाले लागला. पोरगा पाह्यला, चहा घेतला, हो म्हटलं, झालं. आन् हे ब्रेक! या अल्ला, पोळ्याच्या आधीपासून घरात दुसरी गोष्टच नाई. जेवताना ब्रेक, नमाजवरून आले की ब्रेक. मी म्हटलं, एवढा विचार माह्याशी निकाह करताना केला होता का? तं म्हनते, "तेव्हा कोनी विचारलं होतं मले?"

आमचे हे म्हंजे फारूक मिस्त्री. अहेरीत बाजाराच्या तोंडाशी त्याइचं सायकलीचं दुकान. बाजाराच्या दिवशी जंगलातल्या गावची मानसं यायची, दुकानापुढं सायकली आडव्या पडायच्या, आन् ह्यांले मान वर कराले फुरसत नसायची. आता टपरी हाय, पन सायकल कोन चालवते? पोट्ट्यांले दुधाचे दात पडायच्या आत मोटरसायकल पाहिजे.

त्या गर्दीत झिंगू यायचा. आलापल्लीच्या पुढं जंगलात त्याचं गाव. सायकल बिघडो ना बिघडो, झिंगू येनार म्हंजे येनार. कधी मोहफूल, कधी टेंभराची फळं गमछ्यात घेऊन. हे चाक सरळ करत बसायचे, तो बाजूले बिडी ओढत बसायचा. बोलनं म्हनाल तं काहीच नाई. मी विचारायची, तुमी दोघं दिवसभर करता काय? तं दोघंबी हसायचे.

आता झिंगूचे गुडघे गेले, बाजारात येनं बंद झालं. म्हनून हे जाते त्याच्याकडे, दर आठवड्याले, सायकलनं. मोटरसायकलचं नाव काढाचं नाई. सायकलवाल्या मिस्त्रीनं मोटरसायकलवर बसावं म्हंजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानची जिलबी खावी, असं त्याइचं म्हननं. उमेरानं नागपुरात कार घेतली आन् तिची ती जाड टायरची, गेअरवाली माउंटन बाइक अब्बाले पाठवून देल्ली. तवापासून म्हातारा नवरदेवावानी फिरून राह्यला.

पन मी आंधळी नाई. चिकनगुन्या झाला तवापासून ह्यांची बोटं वळत नाई. कप दोन्ही हातानं धरते आन् वर म्हनते, चहा लई गरम हाय. एक दिवस मी अंगनात चपला धुवाले बसली, तं उजव्या चपलेची टाच घासून पापड झालेली. मी तिथीच समजली. झिंगूच्या गावाआधी नाल्याचा उतार हाय, वळनाचा, समोरून ट्रक येते. तिथी ह्यांच्यानं ब्रेक दाबल्या जात नाई. मानूस चप्पल घासून सायकल थांबवून राह्यला!

चप्पल घासून थांबवनं माह्यासाठी नवं नाई. मी घुग्घुसची, कोळशाच्या धुळीत वाढली. लग्न होऊन इथी आली तं हे मले कॅरिअरवर बसवून नदीवर न्यायचे. मिस्त्रीची सायकल, पन ब्रेकचे रबर गायब, लोकाइच्या सायकली नीट करता करता स्वतःची राहूनच जायची. उतार आला की वरडायचे, "सलीमा, उतर!" मी कायची उतरते? अजून घट्ट धरायची. मंग ह्यांची चप्पल खर्रर्र करत रस्त्यावर, धूळ वर, मी हसून हसून बेजार, आन् रस्त्यावरच्या बाया तोंडाले पदर लावून पाहत राहायच्या. तवा ह्यांच्या पायात जोर होता आन् मले अक्कल नव्हती. आता ह्यांचं वय झालं, आन् मले रात्रंदिवस तो उतार दिसते. बोलली असती तं सायकलच सोडली असती मानसानं, आन् झिंगूकडे जानं सुटलं असतं तं हा मानूस खाटेले लागला असता. हे मले पक्कं ठाऊक होतं.

म्हनून मी चूपचाप उमेराले फोन केला. ती म्हनली, अम्मी, डिस्क ब्रेक लावून घ्या, फ्रेमवर अन् चाकात त्याची जागा अगोदरपासूनच हाय.

सायकल बसच्या टपावर टाकून चंद्रपूरले गेलो. दुकानदार नबील, उमेराच्या वर्गातला. त्यानं दोन ब्रेक काचेवर ठेवले. एक तारेवर चालनारा, दुसरा नळीतल्या तेलावर.

"तारवाला," हे लगेच म्हनले. "तार तुटली तं कुठीबी भेटते. तेल गळलं तं जंगलात कोन भरून देईन?"

"चाचा, दोन्ही दाबून तं पाहा," नबील म्हनला.

ह्यांनी तारवाला दाबला. मी हाताकडे नाई, खांद्याकडे पाहत होती. खांदा कानापर्यंत वर गेला, तवा कुठी तो ब्रेक लागला. मंग तेलवाला दाबला. एक बोट लावलं न लावलं तं डिस्क गच्च. ह्यांचं तोंड कसं झालं सांगू, ईदचा चांद दिसल्यावर लेकराचं होते तसं. पन दुसऱ्याच घडीले कपाळाले आठ्या.

"नाजूक काम हाय हे. तारवालाच दे बाबा."

मले असा राग आला! पन मी गिळला. ह्यांनी तेलवाला मागनं म्हंजे हात गेला म्हनून दुकानात कबूल करनं, आन् तेबी आपल्या लेकीच्या दोस्तापुढं. मी म्हटलं, "नबील, तेलवाला दे. मले शिकाची हाय सायकल. माह्या हातात जोर नाई."

हे माह्याकडे पाहतच राह्यले. "तू? या वयात?"

"काऊन, तुमच्याच वयाले परवानगी हाय का?"

"दे बाबा मंग," ते नबीलले म्हनले, "बाईमानसासाठी घ्या लागते."

अन् तेलवाला घेतला, नबीलनं तिथीच सायकलले बसवून देल्ला. बसमध्ये घरापर्यंत मले सांगत आले, कसा तो तारवाल्यापेक्षा चांगला हाय.

काही दिवस मोठ्या मजेत गेले. मंग ब्रेक वाजाले लागला. कुईं. दाबला की कुईं. आता मिस्त्रीच्या दुकानाचा जिंदगीभराचा रिवाज असा, की सायकल बाहेर निघाली तं वाजाले नाई पाहिजे. जिथी कुरकुर तिथी तेलाचा थेंब, बिस्मिल्ला म्हनून. आख्ख्या तालुक्यातल्या सायकलींले ह्यांनी असंच तेल पाजलं. तर ह्यांनी कुप्पी काढली आन् डिस्कले, म्हंजे चाकातल्या त्या लोखंडी चकतीले, तेल लावलं. एक नाई, दोन्ही चाकाले, वरून फडक्यानं पसरवलं.

मी दारातच होती. आमच्या गल्लीचा उतार कितीसा, तरी हे थांबेच ना. ब्रेक दाबलेला मले दिसून राह्यला, चाक फिरून राह्यलं. ह्यांनी पाय टाकला, सायकल तिरपी झाली, आन् सायकल अन् सवार दोन्ही बेशरमाच्या झुडपात.

"मरायचं हाय का तुमाले!" वरडतच धावली मी. खरचटलं होतं फक्त. पन ह्यांचं तोंड पाह्यलं आन् मी गुमान सायकल उचलली.

नबीलले फोन लावला. तो हसला नाई, शहाना पोरगा. म्हनला, चाची, डिस्कले तेल चालत नाई, चकती धरनाऱ्या पॅडनं तेल पिलं, ते आता गेले. नवे पाठवतो. डिस्क स्पिरिटनं पुसून घ्या.

"हं," हे म्हनले. "जिंदगीभर तेल देल्लं, आता तेलच चालत नाई. मले सायकल समजत नाई आता, सलीमा. उमेराले सांग, घेऊन जा म्हना."

सायकल परसात नेऊन ताडपत्री टाकली. तो आठवडा गेले नाई. दुसराबी गेले नाई. दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड. मले ज्याची भीती होती तेच सुरू झालं.

बाजाराच्या दिवशी झिंगूचा लेक पवन आला. "बाई, बाबा रोज रस्त्यावर येऊन बसते. फारूकभाऊ काऊन नाई येऊन राह्यले म्हनते."

हे आतूनच म्हनले, "सांग, तब्येत बरी नाई."

पवन गेल्यावर माह्या डोक्यात अशी आग! एसटीनं आलेलं पॅडचं पाकीट घेतलं, ताडपत्री फेकली, सायकल उलटी केली आन् ह्यांची हत्याराची पेटी धाडकन अंगनात आनली.

"माह्या पान्यांले हात नको लावू," आतून आवाज आला.

"मंग तुमी लावा!"

हे बाहेर आले. उभे राह्यले. वाकले नाई.

"लावा ना! काऊन उभे हा?"

"जमत नाई, सलीमा." लई बारीक आवाजात. "स्क्रू सुटत नाई माह्याकडून. बोटंच धरत नाई. तुले माहीत हाय, मलेबी माहीत हाय तुले माहीत हाय ते."

मी खाली बसून पाना उचलला. वर पाहाची माही हिंमत नव्हती. मंग म्हटलं, "सांगा तुमी. मी करते."

हे बाजूले बसले आन् सांगत गेले. चाक काढ. स्पिरिट घे, चोळ, अजून चोळ. तो बारका स्क्रू ढिला कर, उलटा नको फिरवू, माय! जुने पॅड वढ. नवे सरकव. रागावले, वरडले, "हात हाय का दगड" म्हनले. लई दिवसांनी ते दुकानातल्यासारखे बोलून राह्यले होते, आन् मले ते वरडनं गोड लागून राह्यलं होतं.

"आता स्क्रू कस."

"किती कसू?"

सांगता आलं नाई त्याइले. त्याइनं आपला हात माह्या हातावर ठेवला. त्या हातात कायचाच जोर नव्हता, नुसता ऊन ऊन हात. आमी दोघांनी मिळून तो पाना फिरवला. "बस," ते म्हनले, आन् हात तसाच राहू देल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. आधी गल्लीत दहा चकरा मारून, ब्रेक दाबून दाबून नवे पॅड डिस्कवर जमवले, मंग रस्ता धरला. मी दिवसभर दारात-घरात, दारात-घरात. सांज झाली तवा घंटी वाजली.

"उतार?" मी विचारलं.

"एका बोटानं," ते म्हनले. मंग पायरीवर बसले, हसत. "झिंगूले हात दाखवला आज. सगळं सांगतलं. तो काय म्हने सांगू? म्हने, फारूकभाऊ, तुमचे पाय साबूत, माहे हात साबूत, दोघं मिळून एक मानूस पुरा होते."

मी हसली. मंग आत जाऊन चुलीपुढं बसली आन् मनभरून रडली.