पाणी मागायला आलेली

बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत लीटियाचं सगळं आलबेल होतं. मग एका सकाळी ती जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेला मासा तासत बसली होती, तेव्हा अंगावरून रक्त गेलं. दुखलंखुपलं काही नाही, नुसतं रक्त. पांग या उत्तरेकडच्या बर्फाळ गावातल्या दवाखान्याच्या नर्सनं फोन फिरवले आणि लीटियाला आडवी निजवून विमानानं थेट ओटावाला धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वार गर्भपिशवीच्या तोंडावरच पसरली होती, दारात पलंग आडवा टाकावा तशी. बाळाला वाट नव्हती, आणि कळा सुरू झाल्या तर आईचं रक्त थांबवणं कठीण होतं. सदतिसावा आठवडा भरला की पोट उघडून बाळ काढायचं ठरलं. मंगळवार, सकाळी नऊ.

"कळलं ना?" बाईंनी विचारलं. लीटियानं भुवया उचलल्या. बाईंनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा भुवया उचलल्या. शेवटी मियाली, रुग्णालयातली दुभाषी, पुढे झाली. ती मूळची लीटियाच्याच मुलखातली. "अहो, ती कधीची हो म्हणतेय," ती म्हणाली.

म्हणजे पाच आठवडे या शहरात काढायचे. नवरा, जोआनासी, पहिला आठवडा बरोबर होता. मग त्याला परतावं लागलं, कारण गावातला बर्फ सारणारं यंत्र चालवणारे दोघेच, आणि त्यातल्या दुसऱ्याची पाठ धरलेली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रविवारी आपल्या आईला घेऊन येतो असं सांगून तो गेला. लीटिया उत्तरेकडच्या रुग्णांच्या वसतिगृहात उरली. जेवायला मऊ कोंबडी आणि मऊ बटाटे. गरमागरम सीलच्या रश्श्यासाठी तिचा जीव इतका कासावीस व्हायचा की लाज वाटायची. खिडकीबाहेर झाडंच झाडं. लोक म्हणत, किती छान. तिला वाटे, सारखी मधे मधे करतात; लांबचं काही बघू देत नाहीत.

पण खरी ओढ ना रश्श्याची होती, ना डोंगरांची. तिला आई हवी होती. तिची आई, कौनाक, दोन वर्षांपूर्वी याच शहरात उपचारांना आली आणि पेटीतून गावी परतली. लीटिया तेव्हा बरोबर नव्हती. सोबतीला एकाच माणसाला परवानगी असते, आणि कागदावर मावशीचं नाव होतं. पहिलटकरणीला आई हवी असते, यात नवल ते काय? पण लीटियाची आई येऊ शकत होती ती एकाच वाटेनं.

पांगमध्ये बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात, आणि नाव दिलं की ते माणूस घरात परत येतं. मुलगा की मुलगी हा प्रश्नच नसतो. आजोबांचं नाव लाभलेल्या नातीला आजी 'अहो' म्हणते आणि कुणाला हसू येत नाही. ज्याला यायचं असतं तो कुणाच्या तरी स्वप्नात येऊन पाणी मागतो. मग घरातलं वडीलधारं माणूस नाव ठरवतं. आपण होऊन नाव मागायचं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात सासूचा फोन आला. तिचं नाव आपिया. लीटिया तिला आत्या म्हणे. आपियाचा आवाज ठणठणीत होता, एरवीपेक्षा दोन पट्ट्या वर.

"पोरी, आले होते गं. माझ्या स्वप्नात. तुलुगाक! पाणी मागितलं त्यांनी."

तुलुगाक म्हणजे सासरा. नऊ वर्षांपूर्वी समुद्रावरचा बर्फ फुटून पाण्यात गेला, तो सापडलाच नाही.

"मग?"

"मग काय, दिलं की. पेलाभर! आता बघ, नवरोबा येतायत. सगळ्या गावाला सांगितलंय मी. या वेळी बर्फावर पाऊलसुद्धा टाकू देणार नाही."

"बरं झालं आत्या," लीटिया म्हणाली, आणि फोन ठेवून उशीत तोंड खुपसून रडली.

कारण चारच दिवसांपूर्वी, दुपारी डोळा लागला असताना, कौनाक तिच्याकडे आली होती. नेहमीचा निळा रुमाल बांधून पलंगाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, लीटिया, पाणी दे गं. आणि लीटियानं, स्वप्नातच, नळाकडे बघून नाक मुरडलं. इथल्या पाण्याला औषधाचा वास येतो. ती म्हणाली, आई, हे नको पिऊस, जरा थांब, घरी गेल्यावर तुला हिमनगाच्या बर्फाचं देते. कौनाकनं मान हलवली, उठली आणि गेली. जागी झाल्यावर आपण काय करून बसलो ते लीटियाला उमगलं. जन्मदात्या आईला तहानलेली परत पाठवली होती. आता हे कुणाला सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ठरलेल्या रविवारी पांगमध्ये वारा सुटला. तिथला वारा म्हणजे घरांना तारांनी जखडून ठेवतात, तसला. विमान आलं नाही. सोमवारीही आलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दिवस पुढे ढकलणं धोक्याचं आहे. काल परत थोडं रक्त गेलंय. सोमवारी दुपारी लीटियानं सासूला फोन लावला. फोन नुसता रडण्यासाठी केला होता, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. स्वप्न, पाणी, नळ, सगळं.

"मला नाव बदलायचं नाहीये हं आत्या," ती हुंदके देत म्हणाली. "मामंजींचंच राहू दे. पण आई पुन्हा यायची नाही का गं? मी हाकलली तिला?"

पलीकडून वाऱ्याचा आवाज तेवढा आला. मग फोन बंद झाला. तार तुटली की सासू रागावली, कळायला मार्ग नव्हता. लीटियानं तीनदा लावला. लागला नाही.

मंगळवारी सकाळी मियाली तिच्यासोबत आत गेली. पाठीत सुई, मग कमरेखालचं अंग जणू दुसऱ्याचंच. समोर हिरवा पडदा. कुणीतरी पोटात हात घालून सामान शोधावं तशी ओढाताण जाणवत होती, दुखत मात्र नव्हतं. डॉक्टरीणबाई भराभरा बोलू लागल्या, माणसांची धावपळ वाढली, रक्ताच्या पिशवीसाठी कुणीतरी आवाज दिला. लीटियानं मियालीचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, मी गेले तर माझं नाव कुणाला देतील? आणि तेवढ्यात रडणं ऐकू आलं, कर्कश, चिडलेलं.

"मुलगी!" मियाली म्हणाली. "आणि काय गं आवाज!"

टाके घालायला बराच वेळ लागला. दुपारी खोलीत आणल्यावर पोरगी तिच्या छातीवर होती. काळ्याभोर केसांची, सुजलेल्या डोळ्यांची. नर्सनं नावाचा रकाना भरायला विचारलं. लीटिया म्हणाली, थांबा. तेवढ्यात फोन वाजला. जोआनासी होता, तो नुसता रडत-हसत राहिला आणि त्याच्या हातून आपियानं फोन हिसकावून घेतला.

"रक्त थांबलं का तुझं?"

"थांबलं आत्या."

"मग ऐक. काल मी फोन ठेवला. रागावून नाही, मला बोलायला तोंड नव्हतं." आपियाचा आवाज आज एकच पट्टी लावून होता, खालची. "माझ्या स्वप्नात कुणी आलं नव्हतं."

लीटियाला वाटलं, गुंगीत आपण चुकीचं ऐकलं.

"नऊ वर्षं झाली. एकदा नाही आले ते. शेजारच्या बायांना त्यांचे नवरे दिसतात, भांडतात, जेवायला मागतात. मी रोज वाट बघून झोपते. उशाशी पाणी ठेवून झोपते मी, पोरी. नाहीत आले. म्हणून खोटं बोलले. म्हटलं, नाव दिलं की यावंच लागेल त्यांना." तिनं नाक शिंकरलं. "इतकं मोठं खोटं आमच्या सात पिढ्यांत कुणी बोललं नसेल. तुझी आई खरोखर आली होती. आणि हाकलली म्हणतेस? अगं, जरा थांब म्हटल्यावर परत जाणाऱ्यातली होती का ती बाई? तुझ्या लग्नात माझ्या शिवणकामाला नावं ठेवायला तीन दिवस मुक्काम ठोकून होती."

लीटिया हसली तशी टाके खेचले गेले, आणि त्यासरशी तिला रडू फुटलं. तिनं त्या इवल्याशा कानाला ओठ लावले.

"कौनाक," ती म्हणाली. मग, "आई. आई गं." दोन वर्षं तोंडात नुसताच पडून असलेला शब्द. तो म्हणून तिचं समाधानच होईना.

"आत्या," बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "दोन नावंही देतात ना. मामंजींचंही देऊ या."

"नको. जे येत नाहीत त्यांना ओढू नये." मग आपिया दबक्या आवाजात म्हणाली, "फोन जरा तिच्या कानाला लावतेस?"

लीटियानं लावला. खोलीत शांतता होती, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू आलं.

"विहीणबाई," म्हातारी म्हणत होती, "आलात, बरं झालं. मागचं सगळं विसरा हं. एवढंच विचारायचं होतं... तिकडे आमचे हे दिसले का हो तुम्हाला? बरे आहेत ना? माझी काही चौकशी करत होते का?"

पोरीनं सुजलेला एक डोळा अर्धवट उघडला, ओठ हलवले. लीटियानं फोन तिच्या कानाशी तसाच धरून ठेवला आणि स्वतःचं तोंड दुसरीकडे वळवलं.