पुढे पाठवा

"अहो, हे बघितलंत का?"

रूपालीने फोन सयाजीच्या पोह्यांच्या ताटलीशेजारी धरला. रविवारची सकाळ होती. लिंबू पिळता पिळता सयाजीने मान वळवली.

क्लिप नदीकाठच्या बागेतली होती, कुणीतरी लांबून झाडाआडून काढलेली. टोपी घातलेला एक पाठमोरा माणूस, हातात लांबलचक लेन्सचा कॅमेरा. त्याच्या समोर, जरा डावीकडे झोके आणि झोक्यांवर मुलं. माणूस कॅमेरा डोळ्याला लावतो आणि बराच वेळ हलतच नाही. खाली लाल अक्षरांत मजकूर होता: 'सावधान! पिंपळे सौदागर परिसरात फिरणारा हा माणूस लहान मुलांचे फोटो काढून टोळीला देतो. दिसल्यास पकडा. पुढे पाठवा.'

"पिंपळे सौदागरचीच बाग आहे, आपलीच," रूपाली म्हणाली. "अंगावर काटाच आला बघा. किती वेळ नेम धरून उभाय!"

सयाजीने क्लिप पुन्हा लावली. लेन्सच्या तोंडावर ऊन अडवायला एक काळं नळकांडं बसवलेलं होतं. ते कुठल्याही दुकानात मिळणारं नव्हतं. आबाजींनी नळाच्या पाइपाचा तुकडा कापून, पॉलिश पेपरने घासून ते स्वतः बनवलं होतं.

"हा कादर आहे," तो म्हणाला.

रूपाली हसली. मग तिचं हसू थांबलं. "आपले कादरभाई? ईदला शीरखुर्मा घेऊन येतात ते?"

"तोच. गेल्या रविवारची क्लिप आहे. मी सोबत होतो त्याच्या, पाण्याची बाटली आणायला गेलो होतो तेवढ्यात काढलेली दिसतीय. झोक्यांच्या मागं तारेवर खंड्या पक्षी बसला होता. त्याचा फोटो काढत होता तो."

रूपालीने फोन हळूच उलटा ठेवला.

"काय झालं?"

"मी पाठवला पुढं. शाळेच्या आयांच्या ग्रुपवर. तिथून अजून दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर गेलाय." तिचा आवाज उतरला. "पाठमोरे होते हो. मला कसं कळणार?"

सयाजीने कादरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोटो काढायला निघाला की कादर फोन गाडीच्या डिकीत टाकायचा, हे त्याला माहीत होतं. त्याने कादरच्या बायकोला, कनीजला लावला.

"ते नदीवर गेलेत ना सयाजीभाऊ," कनीज म्हणाली. "रोलमध्ये चार फोटो उरलेत म्हणत होते. तेवढे संपवतो आणि आजच धुवायला टाकतो म्हणाले. आबाजींचे फोटो हायेत ना त्यात. का हो? काही झालं का?"

"काही नाही वहिनी. मी जातो तिकडंच."

पोहे तसेच राहिले.

*

सयाजी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होता. ब्रेकचे सुटे भाग मापायचे, बरोबर ते पुढे, चुकीचे ते लाल पेटीत. कादरचं थेरगावात डांगे चौकाजवळ दुचाकीचं गॅरेज होतं. दोघांची गाठ पडली ती जुन्या बाजारात, एकाच लेन्सवर एकदम हात पडल्यामुळे. जुनी रशियन लेन्स होती, पत्र्याच्या डब्यात नटबोल्टांशेजारी पडलेली. "मी आधी बघितली राव," असं कादर म्हणतो न म्हणतो तोच मागून एक म्हातारा माणूस म्हणाला, "भांडू नका. आत बुरशी धरलीय तिला. दोघंही सोडा."

ते आबाजी. पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्या दिवशी तिघांनी मिळून चहा घेतला आणि बुरशी धरलेली ती लेन्स शेवटी आबाजींनीच विकत घेतली. चिंचवडच्या घरी नेऊन उघडली, पुसली, पुन्हा बसवली, आणि पुढच्या रविवारी दोघांना बोलावून तिच्यातून मोरीच्या खिडकीतली जाळी दाखवली. जाळीवर एक कोळी होता. त्याचे पाय मोजता येत होते.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. या जुन्या लेन्सना आपोआप फोकस होणं माहीत नसतं. कडं हाताने फिरवायचं, चित्र धूसर असतं ते सावकाश जमून येतं. सयाजीने जुन्या लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्याला जोडून घेतल्या. कादर मात्र रोलवरच अडून राहिला. "लगेच दिसलं की मजा जाते," म्हणायचा. कधी देहूरोडच्या टेकडीवर, कधी नदीवर, पाऊस असला तर आबाजींच्या गॅलरीत. आबाजींच्या पत्नी मंजुळाबाई थालीपीठ करायच्या आणि म्हणायच्या, "तिघं मिळून एक फोटो काढता आणि चार तास बोलता."

दिवाळीनंतर आबाजी आजारी पडले. होळीच्या सुमारास दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा गॅलरीतल्या खुर्चीत ते पूर्वीपेक्षा कितीतरी लहान दिसत होते. कादर भेटायला गेला तर म्हणाले, "माझ्याच काचेतून काढ माझा फोटो. आणि फोकस डोळ्यावर ठेव. नाकावर ठेवशील तर बघ." कादरने काढले. मंजुळाबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांचेही आले. आठवड्यात आबाजी गेले. हाराखाली ठेवायला चांगला फोटो नव्हता म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात ते कुणीतरी भलतेच वाटत होते. त्यांची लांब लेन्स मंजुळाबाईंनी कादरला दिली आणि म्हणाल्या, "तुमच्या कॅमेऱ्यातले फोटो आले की हा खाली काढते."

*

बागेच्या फाटकाशी कादरची गाडी उभी होती. आत झोक्यांवर कुणी नव्हतं. झोके मात्र हलत होते, मुलांना नुकतंच ओढून नेल्यासारखे.

माणसं नदीच्या कठड्यापाशी जमली होती. सुरुवातीला वीसएक असतील. पण रस्त्यापलीकडच्या सोसायट्यांच्या फाटकांतून आणखी येत होती, चालत नाही, झपझप. एकाच्या हातात क्रिकेटची बॅट होती. बहुतेकांच्या हातात फोन होते आणि ते वर धरलेले होते.

कादर कठड्याला पाठ लावून उभा होता. टोपी पडली होती. शर्टाची कॉलर एका धट्ट्याकट्ट्या तरुणाच्या मुठीत होती.

"नाव काय तुझं?"

"कादर."

पुढच्या रांगेतले फोन आणखी वर झाले.

"कुठला?"

"थेरगावचा. गॅरेज आहे माझं. जन्म इथलाच आहे राव, कुणालाही विचारा."

"फोटो दाखव. कुणाकुणाचे काढलेस दाखव."

"रोल आहे. त्याच्यात लगेच नाही दिसत. धुवावा लागतो."

"रोल? आजकाल कोण रोल वापरतं रे? येडा समजतो का आम्हाला?"

सयाजी खांद्याने वाट काढत आत घुसला. "सोडा त्याला. मी ओळखतो. मी इथलाच आहे, समोरच्या सोसायटीत राहतो. माझा मित्र आहे तो, पक्ष्यांचे फोटो काढतो. गेल्या रविवारी मी होतो सोबत."

"मग क्लिपमध्ये तुम्ही कसे नाही?" एक बाई ओरडली. तिच्या कडेवरचं मूल रडत होतं. "माझी मुलगी आहे त्या झोक्यावर! क्लिपमध्ये माझी मुलगी आहे!"

"मी पाणी आणायला गेलो होतो," सयाजी म्हणाला. पण मुलगी होतीच क्लिपमध्ये.

गर्दीतून भिमाजी पुढे आले. सयाजीच्याच इमारतीत राहणारे, गणपतीत आरतीला पुढे उभे राहणारे गृहस्थ. त्यांनी सयाजीचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "सयाजीराव, तुम्ही बाजूला व्हा. तुम्हाला लेकरंबाळं आहेत. पोलिसांना फोन केलाय, ते बघतील."

"मग पोलीस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"माझं कोण ऐकतंय?" भिमाजी म्हणाले, आणि सयाजीच्या लक्षात आलं की त्यांनाही भीती वाटते आहे.

"रोल मी स्वतः धुवून आणतो," सयाजी मोठ्याने म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सगळे फोटो सोसायटीच्या ऑफिसात आणून ठेवतो. एकेक बघा."

"संध्याकाळपर्यंत पळून जाईल हा!"

मागून कुणीतरी कॅमेऱ्याचा पट्टा खेचला. कादरची मान वाकली. बॅटवाला दोन पावलं पुढे सरकला. कडेवरचं मूल आता किंचाळत होतं, आणि कादर त्या मुलाकडे बघत होता. कुणीतरी "अजून बघतोय बघा कसा!" म्हणालं.

कादरने नजर खाली घेतली.

"थांबा," तो म्हणाला. "मीच दाखवतो."

"कादर, नको," सयाजी म्हणाला. "भावा, नको. पोलीस येतायत. आबाजी आहेत त्यात."

"मला माहीत आहे कोण आहे त्यात," कादर म्हणाला.

त्याने कॅमेऱ्याची छोटी चावी वर ओढली. मागचं दार उघडलं. लख्ख ऊन होतं, आणि न धुतलेल्या रोलला उजेड लागला की त्यातले सगळे फोटो जातात. त्याने रोलचं टोक धरलं आणि सगळी पट्टी हाताहाताने बाहेर ओढली, विहिरीतून दोर ओढावा तशी. राखाडी-जांभळी, चकचकीत पट्टी त्याच्या पायाशी गोळा होत गेली. कॉलर धरलेल्या तरुणाने कॉलर सोडून ती उचलली आणि उन्हासमोर धरली. आणखी दोघांनी माना पुढे केल्या.

"ह्याच्यात तर काहीच नाही," तो म्हणाला.

"आता नाही," कादर म्हणाला.

पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. प्रत्येक जण ती उजेडात धरत होता आणि पुढच्याला देत होता. हळूहळू आवाज कमी झाले. बॅट पायाला टेकली. भिमाजी म्हणाले, "चला, काही नाहीय. चला घरी," आणि लोक खरंच निघाले. कुणी माफी मागितली नाही. एकजण जाताना कादरची टोपी उचलून कठड्यावर ठेवून गेला. पोलीस आले तेव्हा बागेत ते दोघंच होते. हवालदाराने नाव-गाव विचारलं, तक्रार द्यायची का विचारलं.

"नको," कादर म्हणाला. बाहेर आल्यावर सयाजीने का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "क्लिपमध्ये निदान तोंड दिसत नाही माझं. तक्रार दिली की तेही दिसेल."

*

मंजुळाबाईंकडे दोघं मिळून गेले. सांगायचं सयाजीने ठरवलं होतं, पण दारातच कादर म्हणाला, "काकू, रोलला उजेड लागला. माझ्या हातून."

मंजुळाबाईंनी त्याच्या फाटलेल्या कॉलरकडे बघितलं. त्या आत गेल्या, पाणी आणलं, मग दुसऱ्यांदा आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. भिंतीवर आधार कार्डातले आबाजी हाराखालून बघत होते.

घरी रूपालीने सगळ्या ग्रुपवर लिहिलं होतं: 'तो व्हिडिओ खोटा आहे. ते आमच्या ओळखीचे सज्जन गृहस्थ आहेत. कृपया डिलीट करा.' खाली तीन जणींनी हात जोडले होते. एकीने लिहिलं होतं, 'सज्जन दिसणारेच असतात.' त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता.

"कनीजला फोन केला मी," रूपाली म्हणाली. "सांगितलं, मीच पाठवला होता म्हणून."

"काय म्हणाली?"

"काही नाही. म्हणाली, वहिनी, तुम्ही सगळ्या ग्रुपवर आहात, ह्यांचे अजून व्हिडिओ आले तर मला कळवत जा." रूपालीने पदराने डोळे पुसले. "टोमणा नव्हता हो. खरंच सांगत होती."

बुधवारी पहिल्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत, चाकणला, कँटीनमध्ये सुजित त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याच्याच लाइनवरचा, राजगुरुनगरहून येणारा पोरगेला ऑपरेटर. "सर, तुम्ही कॅमेरावाले ना? हे बघा. आमच्या गावच्या ग्रुपवर आलंय. चाकणमध्ये फिरतोय म्हणे हा. काल दोन पोरं उचलली."

तीच बाग, तेच झोके. खालचा मजकूर बदललेला होता. 'पिंपळे सौदागर' जाऊन 'चाकण-राजगुरुनगर परिसर' आलं होतं, आणि शेवटी कादर कॅमेरा खाली घेतो तिथे कुणीतरी चित्र थांबवून डोक्याभोवती लाल गोल काढला होता. मान किंचित वळलेली. गालाचा कोपरा दिसत होता, आणि दाढी.

"हा माझा मित्र आहे," सयाजी म्हणाला.

सुजित हसला. मग त्याने सयाजीचा चेहरा बघितला. "खरं का सर?"

"डिलीट कर."

"करतो की." सुजितने लगेच केलं, फोन दाखवलाही. मग खाली बघून म्हणाला, "पण आमच्या ग्रुपमधून कुठंकुठं गेलं असेल, ते कसं करायचं सर?"

भोंगा झाला. सयाजी लाइनवर गेला. दुपारभर तो सुटे भाग मापत राहिला आणि प्रत्येक माप त्याने दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा काय आलं ते त्याच्या लक्षात राहत नव्हतं.

*

पुढच्या रविवारी कादर येईल की नाही, सयाजीला खात्री नव्हती. पण तो आला. थेरगावच्या चहाच्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या टेबलावर. दाढी काढलेली होती. चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. हात मोकळे होते.

सयाजीने स्वतःचा कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.

"लेन्स?" त्याने विचारलं.

"कपाटात ठेवलीय. ओल लागू नये म्हणून त्या पुड्या असतात ना, त्या टाकल्यात भरपूर."

"देहूरोडला जाऊ की पुन्हा. तिकडं टेकडीवर कोण नसतं."

"तिकडं लष्कराची हद्द आहे राव," कादर म्हणाला. हे त्याला आधीही माहीत होतं. आधी कधी बोलला नव्हता.

चहा आला. गॅरेजचं बोलणं झालं, गिऱ्हाईक जरा कमी आहे म्हणाला, उन्हाळ्यात असतंच. आबाजींचा विषय कुणी काढला नाही. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब मिसळ खात होतं. त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी टेबलांमधून चेंडू घरंगळवत खेळत होती. चेंडू एकदा टप्पा खाऊन आला आणि कादरच्या चपलेला लागून थांबला.

मुलगी धावत आली आणि त्याच्यासमोर हात पुढे करून उभी राहिली. तिला चेंडू हवा होता. ती हसत होती.

कादरने दोन्ही हात टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

"सयाजी," तो हळूच म्हणाला, "तू दे."

सयाजीने वाकून चेंडू उचलला आणि तिच्या हातात दिला. ती गेली. कादर समोरच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवर चुन्याखेरीज काही नव्हतं. मुलगी आपल्या आईपाशी पोचली, आईने तिला मांडीवर घेतलं, मिसळीचा घास भरवला, आणि तरीही तो भिंतीकडेच बघत राहिला.