कै. सिदोजी चाळके यांचं पूर्ण रूप

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धावरून परत आले ते संक्षिप्त रूपात. लढाईत कागदाची टंचाई होती, म्हणून पलटणीच्या कारकुनानं माणसं आखूड लिहिली. आजोबा वीतभर होते. खांदे, पाय, तोंड, सगळ्यांच्या जागी एकेक टिंब. पत्र्याच्या ट्रंकेत आपल्याच सेवापत्रकाची घडी पांघरून ते झोपत. घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. माणूस परत आला हेच पुष्कळ होतं.

अडचण होती ती येसूआत्याची. ती जन्मली तेव्हा आजोबा लढाईवर. बारशाचं पत्र धाडलं होतं. पोचलं की नाही, देव जाणे. आपलं नाव बापाला ठाऊक आहे का, एवढंच तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐंशी उलटल्यावर ती मला म्हणाली, “पलटणीची अक्षरं लावणारा कुणीतरी गाठ बाबा. मी काही आता बसून राहायची नाही.”

मी ढमाल्यांना आणलं. निवृत्त लष्करी कारकून. त्यांनी चहा बशीत ओतला, चष्मा पुसला आणि पत्रक उघडलं.

“पा. द.,” ते म्हणाले. “पायदळ.”

आजोबांचे पाय वाढत वाढत ट्रंकेबाहेर आले.

“ज. खां. जखमी खांदा.”

खांदा आला, पट्टीसकट. मागोमाग दुसरा.

“बो. १. एका बोटीनं रवाना.”

खोलीत घोट्याएवढं खारं पाणी भरलं. ढमाल्यांची चप्पल देवघराकडे निघाली.

“कसली बोट घेऊन बसलात,” आत्या म्हणाली. “बोट म्हणजे हाताचं बोट.”

आजोबांच्या उजव्या हाताला एक बोट आलं. पाणी मात्र ओसरलं नाही. दोन्ही अर्थ बरोबर असले की असं होतं.

जेवणवेळेपर्यंत आजोबा खुर्चीत मावेनासे झाले. फक्त ओठांवरचं टिंब हटेना. पत्रकात एकच नोंद उरली होती: कै.

“यात काय लावायचंय?” मी म्हणालो. “कैलासवा—”

खोलीत बर्फ पडायला लागलं. आजोबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. आत्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला तेव्हा ते थांबलं.

“मेल्या, माणूस समोर बसलाय.”

“तसं नव्हेच ते,” ढमाले म्हणाले. “लढाईत कै. म्हणजे कैदी.”

खिडक्यांना गज आले. दाराला बाहेरून कुलूप लागलं. भिंती दोन हात पुढे सरकल्या आणि ढमाल्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले.

“शब्द मागे घ्या,” मी म्हणालो.

“वाचलेला मागे घेता येत नाही. त्यावर दुसरा चढवावा लागतो. आणि तिसरा अर्थ पलटणीत नाही.”

भिंती आणखी हातभर आल्या.

“पलटणीत नसेल,” आत्या म्हणाली. “स्वयंपाकघरात आहे. कैरी.”

भिंती थांबल्या आणि गजांमधून आंब्याची फांदी आत आली. आत्यानं त्यातली एक कैरी तोडली, फोडली, मीठ-तिखट लावलं आणि फोड आजोबांच्या नाकाखाली धरली. टिंबाला पाणी सुटलं. ते विरघळून हनुवटीवरून ओघळलं आणि आजोबांनी तोंड उघडलं.

“ये.” ते म्हणाले. शेवटचं टिंब आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

ढमाल्यांनी पेनाचं टोपण काढलं. “हे येसू धरायचं, की नुसतंच ये?”

“तुम्ही चहा प्या हो,” आत्या म्हणाली.

पदर खोचून ती पाण्यातून निघाली. दर पावलाला तिचं काहीतरी गळून पाण्यावर तरंगू लागलं. आधी चाळके, मग आत्या, मग सू. आजोबांच्या मांडीवर पोचली तेव्हा ती वीतभर उरली होती, आणि तिच्या पायाशी एक टिंब.

आजोबांनी आपलं एकुलतं एक बोट त्या टिंबावर ठेवलं.