रीड खिशात घालून

कार्यक्रम ठरवणाऱ्यांना सॅक्सोफोन हवा असतो, त्याचा आवाज तेवढा नको असतो. बावीस वर्षं हेच ऐकतोय. जरा हळू घ्या, अजून हळू, पाहुणे बोलताहेत. अहो, मग मला बोलावलंत कशाला? कोपऱ्यात फुलदाणी ठेवली असती तरी भागलं असतं.

त्या दुपारी तर कहरच झाला. एका कंपनीच्या वर्धापनदिनाचं जेवण होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना ऐकायला बोलावलं होतं. बाबांनी चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. मी सात वर्षांचा असताना तीच माझ्या हातात दिली आणि पुढची दहा वर्षं रोज सकाळी माझा घाम काढला. पुढे मी सॅक्सोफोनकडे वळलो, त्याला ते काही बोलले नाहीत. पण त्यांना कार्यक्रमाला बोलवायचं म्हटलं की मी काहीतरी सबब काढायचो. चारचौघांत चूक काढतील, ही भीती. अजून जरा हात बसू दे, मग बोलावू, असं करता करता वर्षं गेली. आता ते ऐंशीचे झाले. म्हटलं, आता नाही तर कधी?

आणि नेमकं त्याच दिवशी, साउंड तपासताना मॅनेजरबाई म्हणाल्या की आवाज फारच दणदणीत येतोय. मी म्हटलं, बाई, याला कमीजास्त करायचं बटण नसतं. यावर त्यांनी हसत तोडगा काढला. काम मिळावं म्हणून मी त्यांना पाठवलेलं माझंच जुनं रेकॉर्डिंग स्पीकरवर हळू लावायचं आणि मी नुसतं वाजवल्यासारखं करायचं. मी चिडलो, वाद घातला, शेवटी गयावयासुद्धा केली. बाई म्हणाल्या, जमत नसेल तर सामान आवरा. तेवढ्यात बाबा काठी टेकत दारातून आत आले. त्यांच्यादेखत सामान आवरून निघू? मी मुकाट्याने रीड काढली, म्हणजे जिच्यामुळे आवाज निघतो ती पट्टी, आणि खिशात टाकली.

चाळीस मिनिटं मी बोटं नाचवत उभा होतो. लोक जेवता जेवता टाळ्या वाजवत होते. इतक्या माणसांत एकालाही काही कळलं नाही, धन्य आहे. बाबांनी मात्र ताटाला हात लावला नव्हता.

संपल्यावर ते माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "वाजवणारा कोण होता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या लांब सुराच्या मध्येच तू दम घेतलास, ते म्हणाले, आणि सूर मात्र चालूच राहिला. खरं होतं. तो सूर पूर्वी मी एका दमात ओढायचो. आता नाही ओढवत, म्हणून सवयीने मध्येच श्वास घेतला होता. खोटंसुद्धा मला धड वाजवता आलं नव्हतं.

"मीच होतो, बाबा. दहा वर्षांपूर्वीचा."

आता चुका निघणार म्हणून मी मान खाली घालून उभा होतो.

"एकही चूक नव्हती रे," बाबा म्हणाले. "तेव्हा का नाही बोलावलंस मला?"